नागरिकशास्त्राचा दुसरा पेपर



बाईंच्या स्मरणार्थ वाईत चालणाऱ्या या व्याख्यानमालेत उभं राहताना मला थोडं दडपण आलं आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी बाईंचे विद्यार्थी आहेत. बाई आम्हाला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. तुम्हाला आठवत असेल, नागरिकशास्त्र म्हणजे पुस्तकाच्या शेवटची थोडी पानं. बहुतेक शाळांत ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकली जायची. बाई मात्र जूनमध्ये, शाळा उघडली की त्याच पानांपासून सुरुवात करायच्या. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ. डावीकडे ‘रहिवासी’, उजवीकडे ‘नागरिक’. आणि मग प्रश्न : सांगा, फरक काय?

आम्ही हात वर करून सांगायचो, रहिवासी नुसता राहतो, नागरिक मत देतो. बाई म्हणायच्या, “अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं पुस्तकात नाही.”

त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल मी आज बोलणार आहे. १९९८ साली मी न्यू जर्सीत गेले. दहा वर्षांनी, २००८ साली, ग्रीन कार्ड मिळालं. ७ मार्च २०१४ रोजी मी उजवा हात वर करून अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. म्हणजे बाईंच्या फळ्यावरची ती रेघ मी ओलांडली, आणि ओलांडताना दोन्ही बाजू पाहिल्या.

हा विषय आपल्याकडे मोकळेपणाने बोलला जात नाही. पेढे वाटले जातात, नाहीतर कुजबूज होते. पण आकडे बघा. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, २०२४ साली २,०६,३७८ जणांनी. हे सगळे अमेरिकेतलेच असं नाही; कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन सगळं त्यात आलं. वाईतल्या कुठल्या आळीत असं एक घर नाही? तेव्हा हा विषय परदेशाचा नाही, आपल्या आळीचा आहे.

पहिली गोष्ट, ग्रीन कार्ड म्हणजे नक्की काय? त्याचं सरकारी नाव आहे ‘कायमचा रहिवासी’. या ‘कायमचा’ शब्दावर आपण फार विसंबतो. कार्ड दहा वर्षांनी नवं करावं लागतं. घर बदललं तर दहा दिवसांच्या आत सरकारला कळवावं लागतं. सलग वर्षभर देशाबाहेर राहिलात आणि आधी परवानगी काढली नसेल, तर परत येताना विमानतळावर विचारलं जातं, तुम्ही इथे राहता की नाही? काही गुन्ह्यांत दोषी ठरलात तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, मग तीस वर्षं का राहिलेले असेनात. कर मात्र सगळे भरायचे. मी वर्षानुवर्षं भरले. माझ्या करातून शाळा चालत होती, रस्त्यावरचा बर्फ काढला जात होता. पण त्या शाळेच्या मंडळावर कोण निवडून येणार, हे ठरवताना मला कुणी विचारत नव्हतं. विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

हे कार्ड मिळायलाही आपल्या लोकांना किती काळ लागतो! नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नयेत असा नियम आहे. छोट्याशा देशाला जो वाटा, तोच भारताला. त्यामुळे आपली रांग वाढत गेली. रांगेत, तात्पुरत्या व्हिसावर काढलेल्या त्या वर्षांत माणूस नोकरी बदलायला घाबरतो, घर घ्यायला कचरतो. मुलं तिथल्या शाळेत मोठी होतात आणि आईबाप मात्र आपला नंबर लागायच्या तारखेकडे डोळे लावून असतात. मी हे जवळून पाहिलं आहे.

कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी पाच वर्षं जावी लागतात. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल तर तीन. त्या पाच वर्षांतले निदान तीस महिने प्रत्यक्ष त्या भूमीवर काढलेले असले पाहिजेत. मग अर्ज, बोटांचे ठसे, आणि मुलाखत. अर्जात पाच वर्षांतला प्रत्येक परदेश प्रवास लिहायचा, गेल्याची तारीख आणि आल्याची तारीख. मी जुना पासपोर्ट उघडून मुंबईचे शिक्के एकेक करून उतरवत बसले होते. बाबांच्या आजारपणाचे दिवस, त्यांच्या दिवसकार्याचे दिवस, भाच्याची मुंज. माझं सगळं घरचं आयुष्य त्या तक्त्यात ‘अनुपस्थिती’ म्हणून मांडलं गेलं.

आणि परीक्षा. होय, नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा! माझ्या वेळी शंभर प्रश्नांची यादी होती. त्यातले दहा विचारायचे आणि सहा बरोबर यायला हवेत. ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे : यादी १२८ प्रश्नांची, विचारायचे वीस, बरोबर हवेत बारा. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात, मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी मला विचारलं, कायद्याचं राज्य म्हणजे काय?

मंडळी, त्या क्षणी मी कुठे होते, सांगू? आपल्या शाळेच्या कौलारू वर्गात, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर. बाई म्हणत होत्या, सरपंच असो की पंतप्रधान, कायद्यापेक्षा कुणी मोठा नाही. मी तेच इंग्रजीत सांगितलं. अधिकारी बाईंनी खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. नागरिकशास्त्राचा दुसरा पेपर मी बाईंच्याच शिकवणीवर पास झाले.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मी जरा थांबणार आहे. हे नागरिकत्व आज आपल्याला अर्ज करून मागता येतं, ते आपल्या लोकांना नेहमीच मागता येत होतं का?

नव्हतं. १७९० च्या अमेरिकन कायद्यात लिहिलं होतं की नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना मिळेल. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातला माणूस कुठे बसतो? कोर्टाकोर्टांत वेगळी उत्तरं मिळत होती. मुंबईचे एक पारशी व्यापारी, भिकाजी बलसारा. त्यांचं प्रकरण न्यूयॉर्कच्या अपील कोर्टापर्यंत गेलं आणि १९१० साली त्यांचं नागरिकत्व टिकलं. पण १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात एकमताने निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंद कोण होते? पंजाबचे शीख. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात भरती झालेले. देशाचा गणवेश अंगावर चालला, पण नागरिकत्व चाललं नाही.

या खटल्याची एक बाजू मी महाराष्ट्रात बोलताना लपवणार नाही. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद असा केला गेला की आम्ही उच्चवर्णीय, आर्य रक्ताचे, म्हणून गोऱ्यांच्या बरोबरीचे. म्हणजे समतेच्या दारात उभं राहून आपण जातीचा दाखला पुढे केला. ज्या १९१३ साली थिंद अमेरिकेत पोचले, त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले होते. ही दोन माणसं एका वर्षी एका देशात आली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. एकीकडे जातीच्या उंचीवर नागरिकत्व मागितलं गेलं. दुसरीकडे जातीचा पायाच उखडून नागरिकत्व उभं करायचं होतं. कोर्टाचा निकाल अन्यायाचा होता, यात मला शंका नाही. पण आपला युक्तिवादही अन्यायाचाच होता.

थिंद यांच्या वकिलांचं नाव ऐका : सखाराम गणेश पंडित. माना वर झाल्या ना? ते स्वतः १९१४ साली अमेरिकन नागरिक झाले होते. निकालानंतर सरकारने ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व दिलं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात केली. दिलेलं परत घ्यायला! पंडितांवरही खटला झाला. ते लढले. त्यांचं म्हणणं होतं की ज्या प्रश्नाचा निकाल कोर्टाने एकदा सगळी हकिगत समजून घेऊन दिला, तो पुन्हा उकरता येणार नाही. १९२६ साली अपील कोर्टात ते जिंकले, आणि पुढे सरकारला ही मोहीम सोडावी लागली.

सगळ्यांना ते जमलं नाही. वैष्णोदास बगाई हे पेशावरहून सान फ्रान्सिस्कोला आलेले व्यापारी. ब्रिटिश राजवटीत राहायचं नाही म्हणून बायकोमुलांना घेऊन ते तिथे गेले आणि अमेरिकन नागरिक झाले. नागरिकत्व काढून घेतल्यावर मालमत्ता हातची गेली. भारतात नातेवाईकांना भेटायला जायचं म्हणून पासपोर्ट मागितला, तर सांगितलं गेलं, ब्रिटिश पासपोर्टवर जा. ज्या सत्तेला नाकारून घर सोडलं, तिचाच पासपोर्ट! १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

हे आठवलं की पासपोर्ट म्हणजे फिरायला जायची सोय, असं मला म्हणवत नाही. कुणीतरी तुमच्या बाजूने उभं आहे, असं सांगणारा तो कागद आहे. तो नसला की जग तुम्हाला कुठेही उभं करू शकतं.

२ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी सही केली आणि भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं. किती उघडलं? भारतासाठी वर्षाला शंभर माणसं! १९६५ साली कायदा बदलला आणि मग आपले डॉक्टर, इंजिनियर जायला लागले. आमची पिढी त्या उघडलेल्या दारातून आत गेली. ते उघडायला कुणी किती सोसलं हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नाही. मलाही ते परीक्षेचा अभ्यास करतानाच कळलं, आणि तेही यादीतल्या प्रश्नांत नव्हतं.

आता तिसरी गोष्ट. मिळालं त्याबद्दल बोलले. सोडलं त्याचं काय?

अमेरिकेच्या शपथेत पहिलंच वाक्य आहे की मी ज्या कुठल्या परकीय राजाची, राज्याची प्रजा किंवा नागरिक होते त्याच्याशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडून देते. तिथला कायदा दुसरं नागरिकत्व ठेवलंत म्हणून पाठीमागे लागत नाही. पण आपली राज्यघटना स्पष्ट आहे. अनुच्छेद ९ : जो स्वेच्छेने परकीय देशाचं नागरिकत्व घेईल, तो भारताचा नागरिक राहणार नाही. आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार हे आपोआप होतं, त्याच क्षणी. कुठलं पत्र येत नाही, कुणी बोलावत नाही. संविधान सभेत या नागरिकत्वाच्या कलमांनी मसुदा समितीची किती डोकेदुखी झाली, हे बाबासाहेबांनीच बोलून दाखवलं होतं. फाळणीचे दिवस होते, कोण कुठला हेच ठरत नव्हतं. दोन्ही डगरींवर पाय ठेवू द्यायचा नाही, हे त्या वेळच्या जखमेतून ठरलेलं आहे. मला स्वतःला दुहेरी नागरिकत्व हवं होतं. पण माझ्या देशाने ते का दिलं नाही, हे मला समजतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शपथेच्या दिवशी नेवार्कच्या सभागृहात काय झालं, ते सांगते. दारातच आमची ग्रीन कार्डं काढून घेतली. मग देशांची नावं वाचली, ज्याचा देश येईल त्याने उभं राहायचं. भारत म्हटल्यावर बरेच जण उठलो. शपथ झाली, हातात प्रमाणपत्र आलं. जाड, नक्षीदार किनारीचा कागद, त्यावर माझा फोटो, उंची, वैवाहिक स्थिती. आणि एक ओळ : पूर्वीचं राष्ट्रीयत्व, भारत. ‘पूर्वीचं’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला.

शपथ झाली की भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, वापरला तर गुन्हा. अमेरिकन पासपोर्टसाठी अर्ज करायचा, तर त्याच्यासोबत ते प्रमाणपत्र मूळ स्वरूपात पाठवावं लागतं. म्हणजे ग्रीन कार्ड गेलं, जुना पासपोर्ट निरुपयोगी, आणि नागरिकत्वाचा एकमेव पुरावा टपालात. मी अर्ज पाठवून घरी आले तेव्हा कपाटात मी कोण आहे हे सांगणारा, सीमा ओलांडू देणारा, एकही कागद नव्हता.

आणि नेमकं चौदा मार्चला भावाचा फोन आला. आई न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, साताऱ्याला ऑपरेशन करायचं होतं. इतर कुठल्याही वर्षी मी दुसऱ्या दिवशी विमानात बसले असते. आता आधी अमेरिकन पासपोर्ट यायला हवा, मग भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला हवा, आणि मग माझ्याच देशात जायला व्हिसा हवा. भाऊ रोज फोनवर विचारायचा, “ताई, कुठवर आलंय?” मी घरी पोचले ते आई पडल्यापासून तेविसाव्या दिवशी. मुंबईच्या विमानतळावर पाय सवयीने भारतीयांच्या रांगेकडे वळले. तिथल्या माणसाने हातातल्या पासपोर्टकडे बघून दुसरी रांग दाखवली. घरी आले तर आई खाटेवरून एवढंच म्हणाली, “आलीस? झाले का गं सगळे कागद?”

म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे. तुमची मुलं शपथ घेणार असतील तर त्यांना सांगा, घरात कुणाचं आजारपण, ऑपरेशन, बाळंतपण समोर दिसत असेल तर शपथेची तारीख पुढे ढकलून मागा. आता पर्यटकांसाठी ई-व्हिसा आहे, थोडं सोपं झालं आहे. पण कागदाविनाचे ते दिवस अजूनही आहेत.

आणि ज्येष्ठांबद्दल. मुलं नागरिक झाली की आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळवून देता येतं, आणि मुलं प्रेमाने ते करतात. पण ते कार्ड वर्षातून दोन महिने नातवंडांना भेटायला जाण्यासाठी नाही. ते तिथे राहण्यासाठी आहे. दोन महिने जायचं असेल तर साधा भेटीचा व्हिसा बरा. तिथेच राहून नागरिकत्व घ्यायचं असेल, तर वय पंचावन्नच्या वर आणि ग्रीन कार्डावर पंधरा वर्षं झालेली असली की परीक्षा दुभाष्या घेऊन मराठीत देता येते, हेही सांगून ठेवते. फक्त ज्यांचं सगळं बोलणंचालणं वाईच्या या घाटावर आहे, अशा माणसाने ‘मुलगा म्हणतोय’ म्हणून सही करू नये. सही तुमची आहे.

भारतीय पासपोर्ट परत केला की रद्द करून आपल्याकडेच देतात. मी तो आणि नवा पासपोर्ट शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही निळे. भारतीय पासपोर्टात माझं जन्मस्थान लिहिलेलं होतं, वाई, महाराष्ट्र. शेवटच्या पानावर बाबांचं नाव, आईचं नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता. अमेरिकन पासपोर्टात यातलं काही नाही. जन्मस्थानापुढे एकच शब्द, इंडिया. वाई नाही, आई नाही, बाबा नाहीत. अमेरिका म्हणते, तू एकटी पुरेशी आहेस, तुझ्या बापाचं नाव आम्हाला नको. कितीतरी बायकांना या वाक्याने मोकळा श्वास दिला आहे, आणि मी त्याचं मोल जाणते. तरीही त्या शेवटच्या पानावरून मी बराच वेळ हात फिरवत होते.

ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, या कार्डाने बरंच काही परत मिळतं. आयुष्यभराचा व्हिसा, घर घेता येतं, बँकेत खातं. पण त्याच्या नावात ‘सिटिझन’ आहे म्हणून फसू नका. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते. आमच्या बाबांची हळदीची दोन एकर आहेत, सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव आहे. ते नाव राहील. पण शेजारचा तुकडा उद्या विकायला निघाला तर मी तो घेऊ शकत नाही.

त्याच एप्रिलमध्ये, १७ तारखेला, आपल्याकडे लोकसभेचं मतदान होतं. आई हट्टाला पेटली, मत द्यायचंच. भावाने आणि शेजारच्या दोन मुलांनी तिला खुर्चीवर बसवून शाळेपर्यंत नेलं. आपल्याच शाळेपर्यंत. मी तिची चप्पल आणि पाण्याची बाटली घेऊन सोबत होते. फाटकाशी सगळ्यांच्या मतदार-चिठ्ठ्या पाहिल्या जात होत्या. माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. मी बाहेर चिंचेखाली थांबले.

आतून बाई आल्या. तेव्हा त्या ऐंशीला टेकल्या होत्या, काठी होती हातात. मला बघून थांबल्या. “अगं, तू केव्हा आलीस? मत दिलंस?”

मी सांगितलं, “बाई, मला आता इथे देता येत नाही. मार्चमध्ये तिथलं नागरिकत्व घेतलं.”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आपली शाई लावलेली तर्जनी बघत म्हणाल्या, “तिथे लावतात का गं शाई?”

“नाही बाई. मत दिलं असं लिहिलेला एक छोटा कागद देतात. कोटावर चिकटवतात.”

“मग पहिलं मत दिलंस की तो मला पाठव.”

४ नोव्हेंबर २०१४, मंगळवार. घरापासून चार गल्ल्यांवरच्या एका प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडली होती. एका आजींनी रजिस्टर उलटं करून माझ्यापुढे सरकवलं आणि नावापुढे बोट ठेवलं. मी सही केली. परत निघताना त्यांनी तो कागद दिला. मी तो कोटाला लावला नाही. मागचा गुळगुळीत कागद न सोलता तसाच पाकिटात घातला, आणि वाईचा पत्ता लिहिला.